जोडीचा फेटा

आप्पा इंगवल्यांची नजर चुकत नाही, असं अख्खं कोल्हापूर म्हणायचं. त्या म्हणण्यानंच त्यांचा घात केला. एकदा तरी चुकली असती, तर पोरगी वाचली असती.

आप्पा कुस्तीच्या मैदानात जोड लावायचे. जत्रेच्या फडात शे-दीडशे पोरं लंगोट लावून उभी असतात, आणि कुणाची कुस्ती कुणाशी धरायची ते एक माणूस ठरवतो. वजनकाटा नाही, कागद नाही. दोन पोरांचे हात धरायचे, फडातनं एक फेरी मारून लोकांना दाखवायचं आणि सोडायचं. जोड बरोबर लागली तर कुस्ती अशी रंगते की पब्लिक खुळं होतं. चुकली तर एक पोरगं मिनिटात चितपट, आणि जोड लावणाऱ्याच्या नावानं शिमगा. आप्पांच्या नावानं शिमगा झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढं शाळकरी पोरांच्या फुटबॉलचे गटही तेच पाडायला लागले, कारण कोल्हापुरात तालीम म्हटली की कुस्तीबरोबर फुटबॉलचा संघ आलाच.

अग्रणी लीगची माणसं आप्पांच्या दारात आली ती या नजरेसाठी. देशभरातल्या एकोणीस वर्षांखालच्या निवडक पोरापोरींची ही लीग. त्यांचं दुखणं साधं होतं. मोठ्या अकादम्यांची पोरं बाकीच्यांना चौदा-शून्य, सोळा-शून्य अशी तुडवायची. निनाद कुलथे नावाचा त्यांचा इंजिनिअर आप्पांच्या सोप्यात बसून म्हणाला होता, "आप्पा, चौदा-शून्यातनं चौदावाले काय शिकले आणि शून्यवाले काय शिकले?" आप्पांना हा प्रश्न एकदम पटला. आयुष्यभर ते हेच तर सांगत आले होते.

निनादच्या यंत्राचं नाव तोल. प्रत्येक खेळाडूच्या छातीला दोन बोटं रुंदीची पट्टी बांधायची. ती धाप मोजते, पावलाचा दाब मोजते, वळतानाचा झोक टिपते. मैदानाभोवती बारा कॅमेरे. या सगळ्यातनं प्रत्येक पोराचा एक नकाशा तयार होतो. हा डावीकडं वळताना जरा उशीर करतो, ही दमली की चेंडू उंच मारते, असला बारीक नकाशा. दोन संघांचे नकाशे शेजारी ठेवले की मॅच कशी होईल ते तोल आधीच सांगतो, आणि जिथं निकाल सांगता येत नाही तीच मॅच लावतो. अडचण एकच होती. पोरं वाढतात. गेल्या आठवड्याचा नकाशा या आठवड्याला शिळा. कोण महिन्याभरात फुटून वर येणार आणि कोण अडणार, हे यंत्राला कळत नव्हतं आणि आप्पांना दिसत होतं.

म्हणून तीन वर्षं आप्पा बायपासजवळच्या लीगच्या थंडगार ऑफिसात पडद्यासमोर बसले. यंत्र दोन पोरं दाखवायचं, आप्पा म्हणायचे, लागते, किंवा नाही लागत. अकरा हजार जोड्या. त्यांची नजर कुठं फिरते तेही यंत्र टिपायचं, आणि त्यातनंच निनादला कळलं की हा माणूस दंड-मांड्या बघतच नाही, टाचा बघतो. टाच जमिनीवर रेंगाळणारं पोरगं अजून वाढतंय, असं आप्पांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. आता ते तोल शिकला. चौदा-शून्य बंद झालं. मॅचा एक-शून्य, दोन-दोन, तीन-दोन व्हायला लागल्या, आणि लीगच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात यायला लागलं : स्पर्धेचा दर्जा, देशात सर्वोच्च. आप्पांनी ते पत्रक फ्रेम करून लावलं. लावणारच की. माणसाला आणि काय पाहिजे?

त्याच लीगमध्ये त्यांची पोरगी गिरिजा निवडली गेली, चौदाव्या वर्षी. घरात तिला गिरू म्हणत. तिचा डावा पाय म्हणजे जाळ. तालमीच्या मैदानावर तिनं पस्तीस यार्डांवरनं मारलेला चेंडू पाहायला म्हातारी माणसं चहा सोडून यायची. निवड झाल्यावर आप्पांनी पेढे वाटले. आईनं, शालनबाईंनी, फॉर्मवर सही केली. राष्ट्रीय शिबिरासाठी पश्चिम विभागातनं दोन वर्षांनी एक मुलगी घेणार होते. ती जागा गिरूला पाहिजे होती. दुसरं तिसरं काही नको होतं. भिंतीवर तिनं शिबिराच्या तारखेपर्यंतचे दिवस पेन्सिलीनं मांडले होते आणि रोज एक खोडायची.

दोन वर्षांत तोलनं गिरूच्या संघाची गाठ पुण्याच्या अन्विता सरनोबतच्या संघाशी एकवीस वेळा घातली. आप्पा शालनबाईंना कौतुकानं सांगायचे, यंत्र लई हुशार, तोडीस तोड पोरी बरोबर समोरासमोर आणतंय. अन्विता होतीही तशीच. उजवीकडनं वाऱ्यासारखी सुटायची. पहिल्या वर्षी ती सुटली की गोल ठरलेला. मग हळूहळू गिरू तिला अडवायला शिकली. मग अन्वितानं नवा झोक काढला, गिरूनं तोही अडवला. गिरू पुढच्या फळीतनं मागं कधी सरकली हे आप्पांच्या लक्षातही आलं नाही. दोघींची चुरस बघायला लोक जमायचे.

आप्पांना संशय आला तो मॅचमध्ये नाही, दारात. शेजारच्या पोरांनी मारलेला रबरी चेंडू घरंगळत गिरूच्या डाव्या पायाशी आला. चेंडू असा आला की दोन वर्षांपूर्वीची गिरू तो थेट पलीकडच्या गल्लीत धाडायची. आज तिनं डावा पाय उचललाच नाही. अंग वळवलं, एक पाऊल मागं गेली, वाट अडवून उभी राहिली. समोर कुणी नव्हतं. रिकाम्या जागेला पोरगी अडवत होती.

आप्पांनी तिच्या टाचा बघितल्या. टाच रेंगाळत नव्हती. सोळाव्या वर्षी पोरगी वाढायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले आणि गिरूचा सराव दाखव म्हणाले. लीगमधल्या प्रत्येक खेळाडूला दर सोमवारी फोनवर सराव येतो, तो तोल ठरवतो. आप्पांसारख्या सल्लागारानं तो बघायचा नाही असा नियम होता. निनाद जरा घुटमळला, मग त्यानं चहा मागवला आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पडद्यावर दोन रांगा होत्या. एका बाजूला अन्विताचा नकाशा, दुसऱ्या बाजूला गिरूचा सराव. अन्विताचा उजवा झोक सुधारला की पुढच्या सोमवारी गिरूला उजवी बाजू अडवायचा सराव. अन्विता उंच चेंडूला कच्ची दिसली की गिरूला उंच चेंडू टाकायचा सराव. डाव्या पायाचा फटका अन्विताच्या कामाचा नव्हता. दोन वर्षांत गिरूच्या सरावात तो एकदाही आला नव्हता.

निनादनं शांतपणे समजावलं. मूल सारखं जिंकलं की चुका होत नाहीत, मग शिकणार कशातनं? सारखं हरलं की चुकांचा ढीग पडतो, आणि त्यातली कुठली सुधारायची तेच कळत नाही. या दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टी आहे. समोरचा आपल्यापेक्षा केसभर वरचढ, आणि आपल्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवणारा, असा पाहिजे. असला प्रतिस्पर्धी सतत मिळाला तर खेळाडू दुप्पट वेगानं घडतो. पण असले प्रतिस्पर्धी तयार कुठं मिळतात? शोधून मिळत नाहीत म्हटल्यावर तोलनं ते घडवायला सुरुवात केली. लीगमधल्या साधारण निम्म्या मुलांचा सराव त्यांच्या स्वतःसाठी नसतो, समोरच्यासाठी असतो.

"हे त्या मुलांना माहीत आहे?" आप्पांनी विचारलं.

निनाद म्हणाला की फॉर्मवर ओळ आहे, खेळाडूचा सराव स्पर्धेच्या दर्जानुसार ठरवला जाईल अशी. पण स्पष्ट सांगता येत नाही. सांगितलं की ते मूल जीव लावून खेळत नाही, आणि मग दर्जा पडतो. तेही करून बघितलं होतं.

"असलं सुचलं कुणाला?"

 निनादनं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, याच ऑफिसात केलेलं. आवाज आप्पांचा होता. खुशीतला, भरल्या पोटाचा. "आता मोठा पैलवान कसा घडवतात ते सांगतो. त्याला एक जोड द्यायची. रोज त्याच्याशीच लढणारा गडी. ह्या गड्यानं मैदान मारायचं नसतं. पैलवानाची कच्ची बाजू कुठली, ती त्यानं रोज धरायची. पैलवान बदलला की ह्यानं बदलायचं. त्याचा खुराक, त्याचा व्यायाम, सगळा पैलवानाच्या हिशोबानं. जोड चांगली तर पैलवान चांगला."

मुद्रण तिथंच संपलं. 

"आणि फेटा?" आप्पा म्हणाले.

"कुठला फेटा?" निनादनं विचारलं.

कुठला म्हणजे? आप्पांच्या चिंचेखालच्या तालमीची रीत होती. मैदान मारून आलेला पैलवान तालमीत शिरला की आपल्या डोक्यावरचा जिंकल्याचा फेटा काढायचा आणि सगळ्यांदेखत आपल्या जोडीच्या डोक्यावर ठेवायचा. त्याआधी पाणीसुद्धा प्यायचा नाही. जोड होणारा गडी पहिल्या दिवसापासून जाणून असायचा की आपण जोड आहोत, आणि गाव त्याला त्या नावानं मान द्यायचं. आप्पांचे वडील स्वतः जोड होते. बावीस वर्षं ते एका नावाजलेल्या पैलवानाशी लढले आणि एकही मैदान मारलं नाही. त्यांच्या डोक्यावर ठेवलेला शेवटचा फेटा अजून घरात ट्रंकेत होता.

आणि हेच आप्पांनी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसातल्या शिकल्यासवरल्या पोरांपुढं ते म्हणाले होते, आमचे वडील मोठे पैलवान होते. जोड होते म्हणायला जीभ वळली नाही. फेट्याची गोष्ट काढली असती तर ते उघडं पडलं असतं, म्हणून फेटा गिळला. म्हटलं, यंत्राला काय करायचाय फेटा? यंत्रानं मग जेवढं मिळालं तेवढं घेतलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं.

चहा तसाच टाकून आप्पा घरी आले. वाटेत त्यांनी दोनदा ठरवलं की सांगायचं नाही. शिबिराच्या निवडीची मॅच, अन्विताच्याच संघाशी, आठ दिवसांवर होती. पोरगी भिंतीवरचे दिवस खोडत होती. सांगितलं तर तिचं मन मोडणार, नाही सांगितलं तर ती दुसऱ्याच्या शिबिरासाठी जीव टाकणार. दोन्हीकडनं मरण तिचंच.

गिरू परसात मोरीच्या दगडावर बूट घासत होती. आप्पा पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. यंत्र, अन्विता, दोन रांगा, ध्वनिमुद्रण. स्वतःचा आवाज होता हेही सांगितलं. गिरूनं बूट पालथा घातला, पाणी निथळू दिलं.

"मला ठाऊक हाय, आप्पा," ती म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात अन्विताचा गुडघा दुखावला होता. तीन आठवडे ती मैदानावर नव्हती. ते तीन आठवडे गिरूच्या फोनवर सराव आला तो नुसता पळायचा. अन्विता परतली त्या सोमवारी गिरूचा सराव परत सुरू झाला. तेव्हाच तिला उमगलं होतं.

"मग बोलली का न्हाईस?"

गिरूनं दुसरा बूट हातात घेतला. "मला वाटलं, जोड तुम्हीच लावलीय. सगळी म्हणतात, आप्पांची नजर चुकत न्हाई. म्हटलं, तुम्ही बघूनच लावली असंल. माझी लायकी तेवढीच असंल."

  वर्षभर ही पोरगी हे असं मनात धरून हसत जेवत होती, आणि आप्पा तिच्यासमोर बसून यंत्राचं कौतुक करत होते.

गिरूनंच शेवटी विचारलं की डावा पाय परत येईल का. आप्पा म्हणाले, बघू. पुढचे आठ दिवस पहाटे ते तिला तालमीच्या मैदानावर नेत होते. पट्टी घरी, फोन घरी. आप्पा हातानं चेंडू टाकायचे, ती डाव्या पायानं मारायची. पहिले तीन दिवस चेंडू कुठंही जात होता. गिरू स्वतःलाच शिव्या घालत होती. चौथ्या दिवशी एक चेंडू खांबाला लागून असा आवाज झाला की झाडावरची पाखरं उडाली. सहाव्या दिवशी आप्पांनी तिच्या टाचा बघितल्या आणि दुसरीकडं तोंड करून डोळे पुसले.

निवडीची मॅच मोठ्या मैदानावर होती. कोल्हापूरचं पब्लिक, म्हणजे काही सांगायलाच नको. पहिल्या अर्ध्यात गिरू ठरल्या जागेवर खेळली आणि अन्विताला एकदाही सुटू दिलं नाही. एका गोलानं तिचा संघ मागं होता, पण तो गोल दुसऱ्या बाजूनं झालेला. उत्तरार्ध सुरू झाला आणि गिरूनं जागा सोडली. तिचे प्रशिक्षक ओरडत होते, ती ऐकत नव्हती. मधोमध चेंडू घेतला, अन्विताला उजवीकडं झुलवलं, डावीकडं निघाली आणि तीस यार्डांवरनं मारला. जाळीत. दहा मिनिटांनी परत. तिसरा गोल तिच्या पासवर झाला. तीन-एक. अन्विता शेवटी शेवटी तिच्याजवळ यायलाच बघत नव्हती. म्हातारी माणसं उभी राहून ओरडत होती आणि आप्पा खुर्चीत बसून रडत होते, आनंदानं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की सगळं सुधारता येतं.

तासाभरानं मैदानावरच्या पडद्यावर नाव आलं. अन्विता सरनोबत.

आप्पा धावतच निनादकडं गेले. निनाद त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता, पण त्यानं हिशोब दाखवला. खेळाडूची किंमत तोल नुसत्या जिंकण्या-हरण्यावर ठरवत नाही, समोर कोण होतं त्यावर ठरवतो. अन्विताच्या समोर आज अपेक्षेपेक्षा खूप वरच्या दर्जाची प्रतिस्पर्धी होती, आणि तिच्यापुढंही अन्वितानं बहुतेक वेळा योग्य निर्णय घेतले. म्हणून तिची किंमत चार अंकांनी वाढली. आजच्या मॅचसारखी मॅच लीगच्या इतिहासात झाली नव्हती. स्पर्धेचा दर्जा : अत्युच्च.

"आणि गिरू?"

गिरूचा खेळ तिच्या सरावाच्या इतिहासाशी जुळत नव्हता. असं काही दिसलं की तोल ते अपघात धरतो आणि नोंदीतनं वगळतो. ती मात्र लीगमध्ये कायम होती. आणखी दोन वर्षं, उत्कृष्ट प्रतिस्पर्धी या शेऱ्यासह. पुढच्या मोसमात तिच्यासमोर नागपूरची एक तेरा वर्षांची मुलगी येणार होती.

गिरू जिन्याखाली उभी राहून हे सगळं ऐकत होती.  तेवढ्यात अन्विताचे वडील आले, भला माणूस, डोळे भरलेले. त्यांनी आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "इंगवले साहेब," ते म्हणाले, "तुमची मुलगी नसती तर आमची घडलीच नसती." अगदी मनापासून म्हणाले. आप्पांनी मान हलवली. माणूस दुसरं काय करतो अशा वेळी?

घरी आल्यावर गिरू न्हाणीत गेली. शालनबाईंनी फोनवर आलेलं लीगचं पत्र वाचलं, मग परत वाचलं, आणि मुकाट्यानं पीठ मळायला बसल्या. आप्पा आतल्या खोलीत गेले. ट्रंक उघडली. वडिलांचा फेटा खाली होता, जुना, गुलाबी रंग विटलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांनी तो उलगडला. जे त्या दिवशी ऑफिसात गिळलं ते आज तरी भरून काढावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. अन्विता काही फेटा घेऊन येणार नव्हती. तिला माहीतच नव्हतं. मग आपणच ठेवू.

गिरू ओल्या केसांनी बाहेर आली. आप्पा फेटा दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभे राहिले. तिनं तो ओळखला. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ती गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती. आप्पांनी हात वर उचलले तशी ती एक पाऊल मागं सरकली.

"ठेवू नका, आप्पा," ती म्हणाली. "फेटा जोडीच्या डोक्यावर ठेवतात. आजची मॅच मी जिंकलीय."

ती आत गेली. भिंतीवर पेन्सिलीनं मांडलेले दिवस होते, ते तिनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतले. आप्पा फेटा हातात धरून तसेच उभे राहिले. त्याची घडी कशी घालायची ते त्यांना आठवेना.